भूपाचे बगळे

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता जरा थांबावं लागतं. पण बंगल्यातली ती रविवारची दुपार लगेच समोर येते. मळवलीच्या त्या बंगल्याची राखण तुमच्याकडे होती, आणि मालकीण मॅडम मुंबईहून आल्या की शाळेला सुट्टी असली तर मीही तुमच्यासोबत मदतीला यायचे. मी स्वयंपाकघरात मटार सोलतेय. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत गेलात ते परत येतच नाही, म्हणून मी डोकावते. मॅडमनी टीव्हीवर कुठलंसं परदेशी कार्टून लावलंय. एका म्हातारीचे दोरीवर वाळत घातलेले कपडे वारा उडवून नेतो आणि ती डोंगरभर त्यांच्यामागे धावते, एवढीच गोष्ट. कुणी अवाक्षर बोलत नाही. नुसती व्हायोलिनं वाजतायत, आणि वारा म्हणजे तीच व्हायोलिनं. तुम्ही ट्रे हातात धरून उभे. मॅडम म्हणाल्या, "अहो, बसा की." तुम्ही बसला नाहीत. चहा मात्र पार निवला.

घरी येताना तुम्ही वाटेत थांबलात. "येक शबुद न्हाई गं, पर समदं कळलं," म्हणालात. मग दोन पावलं चालून पुन्हा थांबलात. "आमी भजनी मंडळात भूप म्हनतो, त्याला असं कुनी पळवलंय का चित्रात?" मी म्हटलं, माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "मग तू पळव." मीठ आण म्हणावं तितक्या सहज. मी तेव्हा हाती येईल त्या कागदावर चित्रं काढत असे, आणि ती कशासाठी काढायची हे त्या दिवशी ठरलं.

पुढे पुण्याला ॲनिमेशन शिकायला गेले. पहिल्याच वर्षी भूपातल्या एका बंदिशीवर दोनेक मिनिटांची फिल्म करून, मैत्रिणीचा लॅपटॉप मागून घेऊन घरी आले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर बसला होता. तुम्ही दोनदा पाहिलीत आणि म्हणालात, "चित्र पळतंय, पर गानं बसून ऱ्हायलंय. दोघांची वळख न्हाई झाली अजून." मला रडू फुटलं. किती मेहनत केली ते मी सांगू लागले, तर म्हणालात, "म्हेनत केलीस, दिसतंय की. ऐकलं न्हाईस." आई तुमच्यावर चिडली. "आपली पोरगी आत्ता आलीय घरी, जेवू तरी द्या तिला!" दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही मला मंडळात नेलंत आणि तुमचे स्वतःचे टाळ माझ्या हातात दिलेत. "चुकली की समदी तुज्याकडं बघतील. मग कान आपसूक उघडतोय." ती सगळी सुट्टी मी चुकले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जायच्या आधीच्या भजनात मात्र माझा हात न मोजता समेवर पडला. तुम्ही गातच होता, पण मान हलवलीत. ते टाळ तुम्ही परत घेतले नाहीत.

पुढच्या पावसात, भाताची रोपं लावायच्या आवणीत, तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. त्यानंतर जाहिरातींच्या नोकरीत मी बिस्किटं नाचवली, साबण हसवले, दातांना टोप्या घातल्या. भूप मनात होता, पण हात लागत नव्हता. अखेर नोकरी सोडली आणि दोन मैत्रिणींना घेऊन लोणावळ्यात एका खोलीत काम सुरू केलं. पुण्याच्या एका तरुण गायिकेने भूप गाऊन दिला. चित्रात आपलं खाचर घेतलं, संध्याकाळचं. आवणी करणाऱ्या बायांची ओळ, पाण्यात उतरलेलं आभाळ, आणि बगळे. आलापात एकच बगळा आहे, तो नुसता चालतो. द्रुत सुरू झाली की सगळा थवा उठतो आणि प्रत्येक तानेबरोबर आभाळात वळतो. एकही शब्द नाही, आबा.

फिल्मला पैसा लावणारे गृहस्थ पुण्याचे, मनाने चांगले. पण सगळी फिल्म पाहून ते म्हणाले, "सुरुवातीची चार मिनिटं नुसता आलाप आहे. मुलं उठून जातील हो. तो कापा, आणि बगळ्यांना थोडं बोलायला लावा." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग मी पुढे नेऊ शकत नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "टाकव्याला चला. तिथल्या गावच्या शाळेतल्या मुलांना दाखवू. आलापात एक जरी मूल उठलं तरी मी स्वतः कापते." मैत्रिणींनी कपाळाला हात लावला.

टाकवे बुद्रुकच्या शाळेत खिडक्यांना सतरंज्या लावल्या, भिंतीवर पडदा सोडला. मुलं जमिनीवर दाटीवाटीने बसली, मागे त्यांच्या आज्या. आलाप सुरू झाला. बगळा पाण्यात एक पाय टाकतो, थांबतो. आणि तेवढ्यात, आबा, पुढून दुसऱ्या ओळीतली एक पोरगी उठली. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी दाराकडे वळली नाही. ती पडद्यापाशी गेली, बगळ्याच्या अगदी समोर फतकल मारून बसली आणि मागे वळून ओरडली, "हितनं लय भारी दिसतंय!" सगळा वर्ग सरकत पुढे गेला. मग कुणी हललं नाही. द्रुत आली, थवा उठला, आणि मागून एक आजी मोठ्याने म्हणाली, "अगं बया, ह्यो तर आपला भजनातला भूप!" तिने समेवर टाळी दिली. पुढच्या समेला सगळ्या आज्यांनी दिली, त्याच्या पुढच्या समेला मुलांनी. मी पडद्याकडे पाहणं सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिले. चित्र, गाणं आणि अख्खा वर्ग एका जागी येऊन पडत होता, पुन्हा पुन्हा. संपल्यावर एकच गलका, "परत लावा! परत!" परत लावली. आणि मग परत. गृहस्थ तिसऱ्या वेळी चपला काढून मुलांत जाऊन बसले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "काही कापायचं नाही."

परवा लोणावळ्याच्या थिएटरात फिल्म लागली. आपली आळी आली, मंडळातली सगळी आली, तिकोना पेठेहून मावशी तिच्या सुनांना घेऊन आली. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा लोक पायऱ्यांवर बसले. टाकव्याच्या मुलांना कुठे टाळी द्यायची ते पाठ होतं, त्यांनी सगळ्या थिएटराला शिकवलं. आई नवं लुगडं नेसली होती. शेजारच्या अनोळखी बाईला ती सांगत होती, "माज्या पोरीनं क्येलंय. व्हय, समदं." लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि मी स्टेजवर उभी राहून बावळटासारखी हसत होते. इतकी खूश मी जन्मात कधी झाले नव्हते.

हे लिहिलेलं मी कुणाला वाचून दाखवणार नाही, आईलासुद्धा नाही. कारण एक गोष्ट फक्त तुम्हालाच सांगता येईल. त्या सबंध संध्याकाळी, आबा, तुमची आठवण मला एकदाही आली नाही. आली ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना.