पृष्ठ एकशे सत्तेचाळीसवरील मात्रा

आदरणीय व्याहीबुवा यांच्या सेवेशी आपल्या सुनेच्या वडिलांचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. (एरवी मी हे सारे 'सा. न. वि. वि.' एवढ्यात आटोपले असते, हे आपण जाणताच. परंतु गेल्या दहा दिवसांपासून मी संक्षेपांचा त्याग केला आहे. कारण पुढे येईल. ते येऊ नये असे मला फार वाटते, पण येईल.)

इकडील सर्व मंडळी सुखरूप आहेत. आपली प्रकृती कशी आहे? हा प्रश्न मी रीत म्हणून विचारीत नसून उत्तराच्या अपेक्षेने विचारीत आहे. झोप लागते ना? सकाळचे फिरणे चालू आहे ना, आणि फिरताना भेटणारी ओळखीची माणसे नेहमीसारखीच बोलतात ना, की आपल्याला पाहून दचकतात? गेल्या आठवड्यात कोणी आगाऊ न कळवता, पांढऱ्या कपड्यांत आणि पडलेल्या चेहऱ्याने घरी आले होते काय? विहीणबाईंच्या नावे एखादे सांत्वनपर पत्र आले असल्यास ते चुकीच्या पत्त्यावर आले, असे त्यांनी समजावे. आपल्या सुनेला, म्हणजे माझ्या मुलीला, मी या काळात तीनदा दूरध्वनी केला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचे बोलून ठेवून दिला. चौथ्यांदा तीच म्हणाली, "बाबा, तुम्हाला नक्की काय विचारायचंय?" मी म्हणालो, काही नाही, उकडते आहे का, एवढेच.

आता मूळ विषयाकडे वळतो. वळतो म्हणजे त्याच्याभोवती एक फेरी मारून मग वळतो. ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपण चौतीस वर्षे ग्रंथपाल होता आणि ज्याच्या मुद्रणालयात मी अडतीस वर्षे मुद्रितशोधन केले, त्याला पुढच्या रविवारी शंभर वर्षे पूर्ण होत आहेत, हे आपल्याला निमंत्रणावरून कळलेच असेल. त्यानिमित्त सहाशे पृष्ठांचा शताब्दी-ग्रंथ काढायचे ठरले. त्याची मुद्रिते कोणी तपासावी याबद्दल समितीत दुमत नव्हते, असे कुलसचिव मला म्हणाले. (मुद्रणालयातला चहावाला म्हणतो की मतच नव्हते, दुसरे कोणी फुकट तपासायला तयार नव्हते.) निवृत्त होऊन अकरा वर्षे झालेल्या माणसाला पुन्हा त्याच खिडकीजवळच्या टेबलाशी बसायला मिळाले, याचा मला किती आनंद झाला हे मी लपवीत नाही. लाल शाईची नवी बाटली घेतली. चष्म्याचा क्रमांक वाढवून आणला. पहिल्या शंभर पृष्ठांत मी चारशे बारा चुका काढल्या आणि रोज संध्याकाळी घरी येऊन तो आकडा मोठ्याने सांगितला.

व्याहीबुवा, पृष्ठ एकशे सत्तेचाळीसवर सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांची यादी आहे, निवृत्तीच्या क्रमाने. हयात असलेल्यांच्या नावाआधी 'श्री.' किंवा 'श्रीमती' आणि दिवंगतांच्या नावाआधी 'कै.', असा समितीचा दंडक. आपली गोष्ट मात्र वेगळी. आपण स्वतःच्या नावाआधी जन्मात कधी 'श्री.' लावू दिले नाही. "तालिकेत श्री लावायला लागलो, तर सगळे ग्रंथकार एकाच खणात जाऊन बसतील," असे आपण म्हणायचा, आणि उभे विद्यापीठ आपल्याला नावाच्या पहिल्या अक्षरानेच ओळखायचे: के. त्याप्रमाणे यादीतही आपल्या आडनावाआधी नुसते 'के.' असे दिलेले होते. छापील ग्रंथात त्या 'के'वर एक मात्रा जास्त पडली आहे.

एवढेच. बाकी यादी निर्दोष आहे.

'ध'चा 'मा' करणाऱ्यांनी निदान अक्षर तरी बदलले होते. येथे एका मात्रेत काम झाले. पूर्वी वैद्य अखेरच्या घटकेला मात्रा उगाळून चाटवीत आणि जाणारा माणूस परत येई. येथे धडधाकट माणसाला मात्रा दिली आणि तो गेला. हे मी हसवण्यासाठी लिहीत नाही.

हे घडले कसे, हे सांगणे प्राप्त आहे. अखेरचे मुद्रित मुद्रणालयात आले, त्या दुपारी मी टेबलाशी नव्हतो. मुख्य प्रवेशद्वारापाशी होतो. तेथे कमानीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत 'सुस्वागतम्' असे लावलेले मला सकाळी दिसले. 'सु' अधिक 'आगतम्' म्हणजेच 'स्वागतम्'. त्यात 'सु' अगोदरच विरघळलेला आहे, त्याच्यावर आणखी एक 'सु' चढवणे म्हणजे टोपीवर टोपी घालणे होय. मांडववाल्याला हे मी संधिविग्रह करून समजावले. तो म्हणाला, "आजोबा, सगळीकडे हेच लावतो, कुणी परत गेलं नाही." तरी मी शिडी लावायला लावली, खाली उभा राहिलो, आणि तीन तासांनी तो 'सु' उतरवून घेतला. (आता कमान एका बाजूला रिकामी दिसते आणि लोक विचारतात की काय पडले.) मी एक अक्षर उतरवीत होतो, तेवढ्या वेळात अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांनी संगणकावर एक मात्रा चढवली. ते गृहस्थ सज्जन आहेत, पण कानांत गाणी घालून काम करतात.

ग्रंथाच्या बाराशे प्रती बांधून झाल्यावर मी पहिली हातात घेतली आणि ज्या पानावर ती आपोआप उघडली ते पान पाहून खुर्चीवर बसलो. त्यापूर्वीच चाळीस प्रती मान्यवरांना टपालाने रवाना झाल्या होत्या. त्यांत एक आपली होती. ती आपल्याला मिळाली किंवा कसे, हे मला ठाऊक नाही. टपालखात्याच्या दिरंगाईवर मी आयुष्यभर टीका केली, आज तिच्यावरच माझी सारी भिस्त आहे.

मी धावत कुलसचिवांकडे गेलो. (धावत म्हणजे दोनदा थांबून.) त्यांनी पान पाहिले आणि विचारले, "पण हे तुम्हीच तपासलंय ना? मग बरोबरच असणार." मी म्हणालो, ते माझे व्याही आहेत, जिवंत आहेत, गेल्याच महिन्यात त्यांनी मला लोकरीच्या गळपट्ट्याबद्दल पत्र लिहिले आहे. ते म्हणाले, "सर, छापून झालंय. हयातीचा दाखला असेल तर बघू." माझ्या लाल शाईचा या विद्यापीठात असा दरारा आहे, की आपण समक्ष येऊन उभे राहिलात, तरी ते आपल्याला माझ्याकडून तपासून घेतील. त्याहून भयंकर गोष्ट मला बाहेर पडताना कळली. कार्यक्रमपत्रिका ग्रंथावरून तयार झाली असून साडेदहा वाजता बत्तीस दिवंगतांची नावे वाचून दोन मिनिटे स्तब्धता पाळायची आहे. निमंत्रणे मात्र दुसऱ्या कार्यालयातून, जुन्या यादीवरून गेली. म्हणजे साडेदहाला आपल्याला श्रद्धांजली आणि अकराला आपला शाल देऊन सत्कार. मधल्या अर्ध्या तासात आपण कोठे असावे, हे पत्रिकेत दिलेले नाही.

शुद्धिपत्र जोडावे, असे मी सुचवले. समितीचे चिटणीस इतिहासाचे प्राध्यापक आहेत; त्यांनी तेथल्या तेथे मसुदा केला: "पृष्ठ १४७ वर कैलासवासी म्हणून उल्लेखिलेले माजी ग्रंथपाल हयात आहेत. या चुकीबद्दल समिती दिलगीर आहे." आता 'या' हा शब्द लगतच्या विधानाकडे बोट दाखवतो आणि लगतचे विधान 'हयात आहेत' हे आहे. आपण जिवंत असल्याबद्दल विद्यापीठाने छापील दिलगिरी व्यक्त करावी, हे मी व्याही या नात्याने खपवून घेणे शक्य नव्हते. चिटणीस म्हणाले, "अहो, लोकांना कळतं." मी म्हणालो, लोकांना कळते म्हणूनच सांगतो. मग मी स्वतः चार दिवस मसुदे केले. 'माजी ग्रंथपाल कैलासवासी नाहीत' असे लिहावे, तर मग गेले ते कोणीकडे गेले, अशी शंका येते. 'अद्याप हयात आहेत' यातील 'अद्याप' कोणालाही आवडणार नाही. 'सुदैवाने हयात आहेत' म्हणावे, तर सुदैव कोणाचे, हे स्पष्ट होत नाही. पाचव्या दिवशी शुद्धिपत्र छापण्याची मुदत संपली.

तेव्हापासून मी आणि आपल्या विहीणबाई, म्हणजे माझी पत्नी, सकाळी नऊ ते पाच मुद्रणालयाच्या कोठारात बसून ब्लेडने ती मात्रा खरवडीत आहोत. आजवर तीनशे बहात्तर प्रती झाल्या. तिचे काम माझ्यापेक्षा सुबक होते. मी सोळा प्रतींत दोन्ही मात्रा उडवल्या, त्यामुळे त्यांत आपण नुसते 'क.' आहात. नऊ प्रतींत कागदाला भोक पडले असून त्या भोकातून पृष्ठ एकशे एकोणपन्नासवरील कुलगुरूंचा डावा डोळा दिसतो. पत्नी काल गठ्ठ्यावर बसून म्हणाली, "लोकांचे सु काढायला शिडी लावत होतात, आता बसा घरचा कै काढत. पोरीला तिथं राहायचंय, एवढं तरी आलं का डोक्यात?" आले, व्याहीबुवा. तेवढेच आले. ती तिथे आपल्या हातचा चहा पिते, आपण तिला 'बाळ' म्हणून हाक मारता, ती आपल्याला 'अण्णा' म्हणते, आणि मी तिच्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाला सहाशे पृष्ठांच्या ग्रंथात कायमचे मारून ठेवले आहे. विहीणबाईंनी ते पान पाहिले असेल का, हे मी पत्नीला रोज जेवताना विचारतो.

आपल्यात पूर्वीचे एक प्रकरण आहेच. बावीस वर्षांपूर्वी आपण पाठवलेल्या लग्नपत्रिकेच्या मसुद्यात मी लाल शाईने सतरा चुका दाखवून तो परत धाडला होता. लग्न मोडले नाही, ते विहीणबाईंच्या समजूतदारपणामुळे. त्यानंतर आपल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी 'चू. भू. द्या. घ्या.' असे असते आणि त्याखाली रेघ ओढलेली असते. मी एकदा उत्तरी कळवले होते, की चूक ही देण्याघेण्याची वस्तू नसून टाळण्याची आहे. ते वाक्य व्याकरणदृष्ट्या आजही शुद्ध आहे. बाकी त्याच्याविषयी मला काही म्हणायचे नाही.

वडीलधाऱ्यांस नमस्कार लिहायचा, तर आपल्या घरात आपणच वडीलधारे आहात. तेव्हा तो पुन्हा एकदा आपणासच. लहानांस आशीर्वाद.

आपला,
मुलीचा बाप

ताजा कलम: पत्राचे खरे कारण राहूनच गेले. निवृत्तिवेतनासाठी आपण दर वर्षी देता त्या हयातीच्या दाखल्याची एक प्रत उलट टपाली पाठवावी. तो कुलसचिवांच्या टेबलावर ठेवला, की यादीतून एक नाव कमी होईल. न झाल्यास, रविवारी सभागृहात माझ्या शेजारी बसावे. स्वतःच्या श्रद्धांजलीला उभे राहावे की बसून राहावे, याबद्दल मला कोणत्याही ग्रंथात आधार सापडला नाही. आपण कराल तसे मी करीन.

आणखी एक: अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांविषयी वर लिहिले, ते खोडावे असे मनात होते, परंतु खाडाखोड केलेले पत्र मी कोणाला पाठवत नाही, म्हणून येथे लिहितो. त्यांनी काही केले नाही. आज दुपारी त्यांनी कानांतली गाणी काढून जुने मुद्रित माझ्यापुढे ठेवले. मात्रा लाल शाईत आहे. अक्षर माझे आहे. आपल्या वर एकतीस नावे होती, सगळी आपल्या दोघांच्या ओळखीची, आणि ओळीने एकतीस 'कै.'. पहिल्या काहींशी मी थांबलो, आठवण काढली. नंतर हात आपोआप चालू लागला, आणि बत्तिसाव्या ओळीवर 'के.' दिसताच, राहून गेले असेल, असे समजून त्याने ते पूर्ण केले. तेहतिसावे नाव माझे आहे. त्याच्या आधीचे 'श्री.' मी तीनदा तपासले होते.

शेवटचे: पाकिटाला गोंद लावीत असतानाच मुलीचा दूरध्वनी आला. ती म्हणाली, "बाबा, पुस्तक येऊन आठ दिवस झाले. अण्णांनी बैठकीत ठेवलंय, पान दुमडून. येईल त्याला दाखवतात आणि म्हणतात, बावीस वर्षं थांबलो, पण अठरावी चूक सापडली, आणि ती खुद्द व्याह्यांची. तुम्हाला सांगायचं नाही म्हणालेत. किती दिवसांनी लिहिता ते बघतायत. रविवारी येतो म्हणतात, श्रद्धांजलीला वेळेवर." मागून कोणीतरी हसत होते. ते विहीणबाईंचे हसणे असावे, असे मी धरून चालतो.

हे पाहता वरील पत्र अनावश्यक ठरते आणि अनावश्यक मजकूर गाळावा, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम आहे. तरी पाठवीत आहे. शिवाय बावीस वर्षांत प्रथमच मी पत्राच्या शेवटी आपले ते शब्द लिहीत आहे, संक्षेपाने नव्हे, पूर्ण. त्यांत एकही मात्रा नाही, हे अगोदर पाहून घेतले आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.