हिर्डोशीहून आलेली गाठ

प्रिय आबा,

सप्रेम जय भीम.

तुम्ही होतात तोवर तुम्हाला 'प्रिय' लिहायची माझी छाती झाली नसती. लिहिलं असतं तरी वाचून दाखवताना वहिनीनं ते गाळलं असतं. शाळा चौथीपर्यंतच झाली असली तरी ती भलती धोरणी! आता हे तुम्हाला कोण वाचून दाखवणार? पण आज स्वारगेटवर गाठोडं आलं, तुम्ही गेल्यानंतरचं पहिलं, आणि लिहिल्यावाचून राहवेना.

पुण्यात शिकायला आले तेव्हापासून दर शनिवारी ते येतं. नाचणीच्या भाकरी, कारळ्याची चटणी, कधी सुकट. तुम्ही हिर्डोशीच्या फाट्यापर्यंत चालत येऊन ते एसटीत द्यायचात, मी इकडे उतरवून घ्यायची. भाताचा भारा बांधताना मारायचात तीच गाठ, दोन पीळ देऊन टोक आत खोचलेली. सोडवताना दात लावावे लागायचे. दादाला ती कधी जमली नाही. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती गाठ हेच माझ्यासाठी तुमचं पत्र होतं. गाठ दिसली की समजायचं, आबा फाट्यापर्यंत आले, म्हणजे आबा बरे आहेत.

मी काय शिकते ते तुम्हाला एकदाच सांगितलं होतं, आठवतं? बेझियन संख्याशास्त्र हे नाव ऐकूनच तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत. म्हटलं, आबा, एखादी गोष्ट ठाऊक नसली तरी आपल्या मनात काही अंदाज असतो. जसजसा पुरावा मिळेल तसतसा तो बदलत न्यायचा, आणि किती बदलायचा याचं गणित मांडायचं. तुम्ही गावभर सांगितलंत, "आमची पोरगी अंदाज करायला शिकतीया." पुढच्या खेपेला दोघांनी मला मटक्याचा आकडा विचारला! तुम्ही त्यांना फैलावर घेतलंत, पण मनातून खूश होतात.

या दिवाळीला तुम्ही धडधाकट होतात. मी निघताना म्हणालात, आता काम संपवूनच ये. मी प्रबंधात डोकं घातलं.

संशोधनाबरोबर मला वर्गावर शिकवावंही लागतं. संक्रांतीच्या सुमारास एक सोपं उदाहरण हवं होतं, तर मी तुमचीच गाठ घेतली. फळ्यावर लिहिलं, गाठोड्याला आबांची गाठ आहे, तर आबा बरे असण्याची शक्यता किती? बरे असतील तर गाठ त्यांचीच असणार. आजारी असतील तर ती गाठ येणं जवळजवळ अशक्य. सगळ्या मुलांचं उत्तर एकच आलं, की आबा बरे आहेत यात शंकेला जागा नाही. ती गाठ दुसरं कोणी मारू शकेल का, हे कोणीच विचारलं नाही. मी हात झटकून फळा पुसला.

त्या दिवशी तुम्हाला अंथरुणातून उठवत नव्हतं, आबा.

पुढे काही दिवसांनी दादा हॉस्टेलच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि "चल" एवढंच म्हणाला. एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला. मी विचारत होते, भोर सुटल्यावर विचारायचं थांबवलं. घरी पोचले तर तुम्हाला पडवीत घोंगडीवर ठेवलेलं. इतके बारीक कधी झालात? क्षणभर वाटलं, दादानं मला दुसऱ्याच कुणाच्या दारात आणलंय.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, तेव्हा कुठे वहिनी बोलली. पोटाचं दुखणं दिवाळीनंतरच्या भातझोडणीपासूनचं होतं. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं होतं, आणि तुम्ही गेला नाहीत, कारण पुण्यात मी होते! मग गाठोडी? वहिनी चुलीकडे बघत म्हणाली, "म्याच बांधत हुते, वन्सं. आबांनी पडल्या पडल्या शिकवली. न्हाई जमली की पुन्यांदा सोडाय लावायचे. म्हनायचे, तिला कळलं तर ती यील, आन् आली की ऱ्हाईल. मग शिक्षान ऱ्हातंय तसंच."

लाकूड आत सारून म्हणाली, "तुमी वळखलं न्हाई, ह्याचं त्यांना लई समाधान हुतं."

समाधान! मला राग आला आबा, अजून आहे. मला कळू द्यायचं की नाही हे तुम्ही एकट्यानं कसं ठरवलंत? प्रबंध थांबला असता, आभाळ कोसळलं नसतं. शेवटचे दिवस मी तुमच्या उशाशी बसले असते, पाणी पाजलं असतं. तेवढाही माझा हक्क नव्हता का? आणि आता भांडायचं तरी कुणाशी?

कुठल्या गाठोड्यापासून हात वहिनीचा, हे तिलाही नीट आठवत नाही. मधूनच तुम्ही उठून बसायचात, स्वतः बांधायचात म्हणे. मी तर प्रत्येक गाठ सोडली, भाकरी खाल्ली आणि फडकं धुऊन परत पाठवलं. तुमच्या हातची शेवटची कुठली, ते आता कुठल्याच गणितानं निघायचं नाही.

आजही तीच गाठ होती. वहिनीच्या हाताला तेच वळण पडलंय. वर्गात मी सांगत असते, की जी गोष्ट आपण मुळातच अशक्य धरली, तिच्या बाजूनं कितीही पुरावा आला तरी ती अशक्यच राहते. शून्याला कशानंही गुणा, शून्यच. तुमच्या चितेपाशी मी उभी होते, माझ्याइतकी खात्री कुणाला असणार? तरी स्वारगेटच्या गर्दीत गाठ दिसली आणि मनात पहिलं आलं ते हेच, आबा बरे आहेत.

गाठोडं अजून तसंच समोर आहे. भाकरी कडक झाल्या तर तुम्ही रागावला असता. हे लिहून झालं की सोडते आणि जेवते.

प्रबंध पुरा करीन, ते वेगळं सांगायला नको. त्याआधी रविवारी घरी येते आणि वहिनीपुढे बसून ती गाठ शिकते. जमली नाही तर ती सोडायला लावेल, तुम्ही तिला लावायचात तशी. आजवर चटणीचा रिकामा डबा मी त्या फडक्यात कशीही गाठ मारून परत पाठवला. यापुढे तुमच्या गाठीनं पाठवीन, म्हणजे तिकडे घरचे समजतील, सुमन बरी आहे. मी बरी असले काय, नसले काय, आबा, गाठ तीच जाईल.

तुमची,
अंदाज करायला शिकलेली पोरगी,
सुमन