पोटातली कोर

वन्संना नमस्कार,

भंगारात घातली! माझी कढई तुमच्या भावानं भंगारात घातली, वन्सं, आणि वर मलाच विचारतात तोंड का पाडलंयस. बूड वाकडं होतं म्हणे. होतं वाकडं! शेगडीवर ठेवली की डुलायची, मान्य. पण कुठल्या बाजूला डुलते ते मला ठाऊक होतं, आणि माझा हात कधी घसरतो ते तिला ठाऊक होतं. आमचं दोघींचं बरं चाललं होतं (तुमच्या भावाचं नि माझं कधी एवढं सरळ चाललं नाही). असो. तुमचा गुडघा कसा आहे? यजमानांचा खोकला? दोघांचं बरं आहे असं धरून पुढे लिहिते, कारण बरं नसलं तरी माझ्याइतकं वाईट नसणार.

हे रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, चला, माणूस घरी आला. माणूस घरी नाही आला, वन्सं, माणूस स्वयंपाकघरात आला. जन्मभर कारखान्यात स्क्रूचे आटे तपासले, आता माझे डबे तपासतात. मीठ चमच्यानं घेतात आणि चमचा सुरीनं सपाट करतात. मी मूठ घातली की माझ्या मुठीकडे असे बघतात, जशी मी कुणाच्या खिशातच घातली. कढई गेल्यावर म्हणाले, आता चांगल्यातलं स्टीलचं पॅन घेऊ, जन्माला पुरेल असं. मी म्हटलं, कुणाच्या जन्माला? आपला तर संपत आला. पण ऐकतील ते तुमचे भाऊ कसले!

दुकानात एक टायवाला पोरगा होता. दोन पॅन पुढ्यात ठेवले, दोन्ही आरशासारखे, हुबेहूब जुळे. म्हणाला, काकू, याची कोर तांब्याची आणि त्याची ॲल्युमिनियमची. मी चष्मा लावला आणि पॅनच्या कडेवरून बोट फिरवत गेले, गोल गोल, दोनदा. तांबं कुठेच नाही. म्हटलं, बाळा, कोर कुठाय? म्हणाला, आत आहे. आता तुम्हीच सांगा, कोर कधी आत असते का? चंद्राची कोर काय चंद्राच्या पोटात असते? कोर म्हणजे कड, हे मला तिसरीत शाळा सोडली तरी कळतं (शाळेनंच मला सोडलं असं तुमची आई म्हणायची, ते जाऊ दे). पोरगा म्हणतो, वरून स्टील, खालून स्टील, मधे तांबं, बाहेरून दिसत नाही. म्हटलं, पोटात काय आहे ते न बघता पसंत करायला हा काय नवरा आहे? शेजारची गिऱ्हाइकं हसली. हे काउंटरवरच्या झाऱ्याची दांडी तपासायला लागले.

मग त्या पोरानं आतून एक कापलेला तुकडा आणला. बघितलं तर खरंच मधे बारीकशी लाल रेघ. म्हटलं, मेल्या, मग गाभा म्हण की! माझं बोट झिजलं. तर म्हणतो, कंपनीनं आम्हाला कोरच शिकवलंय.

ह्यांनी मग मला समजावलं, सगळ्या दुकानासमोर. तांबं पटकन तापतं, आच कमी केली की पटकन निवतं. ॲल्युमिनियम हलकं असतं, आच सगळीकडे सारखी नेतं, फार नखरे नाहीत. तांब्याचं महाग, वजनालाही जास्त. आणि हळूच म्हणाले, तांबं म्हणजे तू, ॲल्युमिनियम म्हणजे मी. मी पटकन निवते? मी! दुकानातून घरी येईपर्यंत बोलले नाही ह्यांच्याशी.

पोरानं दोन्ही पॅन आठवडाभर वापरायला दिले. आवडेल ते ठेवा, दुसरं डाग न पाडता परत आणा. ह्यांनी तांब्याचं घेतलं, मला ॲल्युमिनियमचं दिलं (म्हणजे स्वतःसारखं माझ्या गळ्यात मारलं). कांदा आणि अंडी, दोघांनी तेच करायचं ठरलं. ह्यांनी पॅन नुसतंच तापत ठेवलं आणि हाताची घडी घालून उभे. मग पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब चुर्र झाला नाही, गोळी होऊन पळायला लागला. मग तेल, मग आच कमी, मग कांदा. मी एवढ्यात कांदा टाकून, ढवळून, चिकटवून, खरवडून मोकळी झाले होते. लेक जेवायला आली होती. माझं आम्लेट तिनं चांगलं म्हणून खाल्लं आणि बाबांचं न बोलता खाल्लं, नि परत मागितलं. न बोलता खाल्लेलं खरं असतं, वन्सं, हे तुम्हालाही कळतं.

परवा हे केस कापायला गेले तेव्हा मी तांब्याचं पॅन काढलं. म्हटलं, बघूया काय एवढं. थेंब टाकला, पळाला. बरं वाटलं, म्हणून आणखी टाकला. त्या थेंबांच्या नादात आच मोठीच राहिली आणि कांद्याचा कोळसा, तेलाचा काळा डाग, वर स्टील निळं-जांभळं झालं ते वेगळंच. घासलं, राख लावली, शिव्या घातल्या. जाईना. हे आले, पॅन उचलून खिडकीशी नेलं, बघितलं आणि काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमचं परत द्यायला गेले तेव्हा त्या टायवाल्याला सांगितलं, आमच्या हिला तांब्याचंच पसंत पडलं. भांडले असते तर मी दोन दिवसांत विसरले असते. हे असं गप्प राहून माणसाला कायमचं बांधून टाकतात.

आता खरा घाव. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी लेक तिच्या सासूबाईंना घेऊन जेवायला येतेय. फोनवर मला विचारते, आई, बाबाच करणार ना? हे शेजारीच उभे होते, ऐकून लाजले. (लाजले!) ह्या घरात पाहुण्याला माझ्या हातचं वाढायचं नाही, मग मी काय टॉवेल धरून उभी राहू? तेव्हा तुम्ही ह्यांना त्या आधी बोलावून घ्या. गुडघा वाढला म्हणा. तुमचं नाव काढलं की धावत येतील.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : फोन करू नका, हे उचलतात. पत्रच लिहा.

ता. क. दुसरा : गुडघा फार वाढला म्हणू नका, उगाच धसका घेतील. थोडाच.

ता. क. तिसरा : नाहीतर बोलावूच नका. पाहुणे आल्यावर कांदा चिरायला घरात कुणीतरी लागतं, आणि हे सगळे तुकडे एकसारखे चिरतात. त्यापेक्षा ह्यांनाच फोन करून, तुम्हालाच हवंय असं दाखवून, विचारून घ्या, की थेंब पळाल्यावर आच नेमकी किती खाली आणायची आणि कांदा कधी टाकायचा. मोठ्या अक्षरात लिहून कळवा, माझं नाव न काढता. पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर आलं नाही तर मला स्वतः ह्यांना विचारावं लागेल, आणि ते पाप तुमच्या माथी.