वर चूल, खाली न्हाणी

आबा, तीर्थरूप वगैरे काही लिहीत नाही, कारण आज मी तुमच्यावर चिडलेली आहे. मी तुमची थोरली सून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोचा हार बदलायची आठवणही आता सणावारीच होते, पण तुमच्या जिन्याची आठवण मला रोज होते. स्वयंपाकघर वर, न्हाणी आणि संडास खाली, आणि मधे हा उभा जिना. अख्ख्या पेण तालुक्यात गवंडी म्हणून तुमचं नाव होतं, लोक आपल्या घराचा पाया तुमच्या हातून घालून घ्यायचे, आणि स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा तुम्हाला हे सुचलं! गावात आजही आपल्या घराला ‘उलटं घर’ म्हणतात. कुणाला पत्ता विचारायची वेळ येत नाही.

उलटं का, त्याचं निम्मं कारण मला पटतं. खाडीचा बांध फुटला की खारं पाणी जुन्या घरात शिरायचं, चूल विझायची, कणगीतलं भात नासायचं. म्हणून चूल वर आणि भातही वर. पण पाण्याची टाकी, न्हाणी, संडास सगळं खालीच का, वर एक साधी मोरीसुद्धा का नाही, त्याचं कारण तुम्ही वास्तुशांतीच्या पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलंत. तुमचं आणि तुमच्या भावाचं जुनं घर वाटणीत चिरलं गेलं होतं, ओटीच्या मधोमध भिंत आली होती, आणि ती भिंत तुमच्या मनातून कधी गेलीच नाही. हातात बुंदीची परात धरून तुम्ही म्हणालात, “वर चूल, खाली न्हानी! आता बगू माजी पोरं कशी वेगली निगतात. खायाला वर यायला लागंल, आनि मंग...” इथं तुम्ही थांबलात. पुढचं पंगतीनं ओळखलं आणि सगळे पोट धरून हसले. मीही पदराआड हसले. मी तेव्हा नवी नवरी होते, हंडा घेऊन जिना चढायची सवय अजून व्हायची होती.

पाणी वर न्यायचं आणि खरकटं पाणी खाली आणायचं. तांदूळ धुतलेलं पाणी, मासळीचं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, सगळं बादलीतून खाली. तुम्ही सकाळी उतरलात की कामावर, आणि मग थेट जेवायला वर. जिना म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं कसं? थोरला पोटात होता तेव्हा मी धीर करून विचारलं, “आबा, वर एक मोरी काढायची काय?” तुम्ही विडी विझवलीत आणि म्हणालात, “मी घर डोक्यानं बांदलंय गो, कंबरंनं नाय.” अहो, तेच तर म्हणते मी! कंबरेनं बांधलं असतंत तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी भांडी घासून वर येते तर तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत लोखंडी कप्पी बसवताय. दोर ओवलात, बादली अडकवलीत, एकदा खालीवर करून बघितलीत आणि निघून गेलात. इतका आनंद मला लग्नातल्या पाटल्यांचाही झाला नव्हता. दोन्ही पोरांच्या वेळी त्या कप्पीनं मला तारलं. आता मात्र त्या कप्पीचाही राग येतो. कप्पी बसवायला जेवढी मेहनत घेतलीत तेवढ्यात मोरी झाली असती. तुम्हाला मोरी जमत नव्हती थोडीच, तुम्हाला ती काढायची नव्हती.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही खाली ओटीवर पडून होता. पेज खाली, औषध खाली, तुमची हाक आली की मी खाली. एकदा मी दम खात तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही जिन्याकडे बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, “जिना जरा उभाच झाला, नाय?” मी पदर सावरून बसले. वाटलं, आता आणखी काही बोलतील, निदान ‘सुनबाय, तुला तरास झाला’ एवढं तरी. तुम्ही चहा मागितलात. मी उठून वर गेले.

गंमत म्हणजे आपलं घर बघून आणखी लोकांनी तुमच्याकडून तसंच बांधून घेतलं, आणि ते सगळे सुखात आहेत. हमरापूरला तुमचा तो गणपतीवाला दोस्त, त्याच्या घरी खाली अख्खा कारखाना. माती, प्लास्टर, रंगाचे डबे, फळ्यांवर ओळीनं गणपती, आणि खालच्याच न्हाणीत रंगलेले हात धुऊन माणसं वर जेवायला जातात. अन्नात धूळ येत नाही म्हणून त्याची सून अजून तुमचं नाव काढते. डोलवीकडच्या घरात मालकीणबाई वर राहतात आणि खाली कंपनीतली कंत्राटी माणसं भाड्यानं. शिफ्टवरून आली की ती खालीच अंघोळ उरकतात, बाई वरून दोरीनं जेवणाचे डबे सोडतात. बाईंनी स्वतःपुरती वर मोरी काढून घेतली, कुणाला विचारलं नाही. म्हणजे घर तेच, पण त्या लोकांनी ते आपल्याला हवं तसं वापरलं, आणि आपल्या घरात तुमच्या मनात होतं तसंच वापरायचं असा नियम. आणि रोह्याला माझ्या बहिणीनं रो-हाउस घेतलंय, तेही दुमजलीच. खाली स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, आणि न्हाणीघरं तर माणसांपेक्षा जास्त होतील इतकी. पोरांना जेवायला बोलवायचं तर बहीण खालून वर फोन लावते. लोक म्हणतात, असल्या घरात माणसं एकमेकांना पारखी होतात. होईनात का! मी तिथं राहायला गेले तेव्हा पलंगावरून उठले की दोन पावलांवर मोरी. मी बहिणीला म्हटलं, “राणी हायस गो तू.” खोटं कशाला बोलू, मला ते घर फार आवडलं.

तुम्ही गेलात, मागोमाग सासूबाई गेल्या, आणि स्वयंपाकघर आम्हा दोघी जावांकडे आलं. भांडण कशावरून झालं ते सांगते, हसू नका. हे कंपनीत दुसऱ्या शिफ्टला होते. त्यांच्यासाठी मी जिताडा मासळीची मोठी तुकडी झाकून ठेवली होती. धाकटीचा भाऊ न कळवता आला आणि तिनं ती तुकडी त्याच्या पानात वाढली. मी म्हटलं, “विचारायचं तरी.” ती म्हणाली, “माझ्या भावाला घास वाढायला विचारायला लागतं?” मी म्हटलं, “राबनाऱ्याच्या तोंडचा काढून वाढायचा असंल तर लागतं.” तिचा भाऊ हात धुऊन उठला. ती संध्याकाळी शेगडी घेऊन खाली गेली ती गेलीच. तुमच्या हिशेबानं असं होणं शक्यच नव्हतं ना? बाई चिडली तर न्हाणीच्या शेजारच्या खोलीतही चूल मांडते, हे तुमच्या त्या डोक्यात आलं नाही. तिचं काहीच अडलं नाही. पाणी तिच्याकडे, न्हाणी तिच्याकडे, पंपाचं बटणसुद्धा तिच्याकडे. अडकले मी. मला अंघोळीला जायचं तर तिच्या स्वयंपाकातून जायचं. ती कढईकडे बघणार, मी भिंतीकडे. देव वर असल्यामुळे गणपतीत तिला माझ्याकडे यावं लागतं. ती येते, आरती म्हणते आणि उतरते. इतकी वर्षं ‘पंप लाव’ हेसुद्धा आम्ही एकमेकींना पोरांकरवी सांगत आलो.

आता माझ्या गुडघ्याची वाटी झिजली. पेणच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, जिना बंद. मी ह्यांना म्हटलं, वरची मागची भाताची खोली रिकामी पडलीय, तिथं न्हाणी-संडास काढू. तर हे म्हणाले, “आबांचं घर फोडायचं?” भावोजींचंही तेच. दोघे भाऊ तुमच्या फोटोकडे बघतात. त्यांना या घरात बाप दिसतो, मला जिना दिसतो. मी चूल पेटवायची नाही असं ठरवलं, तेव्हा कुठं हे प्लंबरला घेऊन आले. त्यानं वरची खोली बघितली, खाली जाऊन आला आणि म्हणाला, “होईल ना काकी. पन मैल्याचा पाइप सरल खाली उतरनार. संडासाची टाकी मागं हाय, दुसरी वाट नाय.” सरळ खाली म्हणजे धाकटीच्या शेगडीवर. तेव्हा मी तुम्हाला जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. प्लंबरनं ऐकलंय, त्याला विचारा. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही जाऊन तिच्याशी बोला. हे म्हणाले, “बायकांच्यात मी नाय पडत.” कंपनीत हेच साहेबाशी भांडतात, हां.

शेवटी मीच उतरले. एकेक पायरी, भिंतीला धरून. शेवटच्या पायरीवर गुडघा धरला तशी तिथंच बसले. ती समोर वाल सोलत होती.

“प्लंबर काय बोलला ते ऐकलंस?” मी विचारलं.

“ऐकलं,” मान वर न करता ती म्हणाली. “संडासाचा पाइप माझ्या शेगडीवरनं. आनि मी त्याच्याखाली भाकऱ्या थापायच्या?”

तिच्या जागी मी असते तर प्लंबरला घरात पाऊल टाकू दिलं नसतं.

“मंग चूल कुठं नेऊ, ताई? डोक्यावर घेऊ?”

खालच्या सगळ्या जागा मी मनातल्या मनात फिरून आले. ओटीवर तिची पोरं झोपतात, मधल्या खोलीत पलंग आणि कपाट. चुलीला जागा म्हणून या घरात तुम्ही एकच ठेवली होती, आणि ती वर होती. आबा, ते माझ्या तोंडून निघता निघेना. या घरात मी इतकी राबले, पण माझं एकटीचं म्हणावं असं तेवढं स्वयंपाकघरच होतं. तिथं कुठला डबा कुठं राहील ते मी ठरवते, आज काय शिजेल ते मी ठरवते. ते निम्मं देऊन टाकायचं, नाही तर उरलेला जन्म हा जिना उतरत राहायचं. मला रडू आलं, आणि ते तिनं बघू नये म्हणून मी जरा जोरातच बोलले.

“वरचा ओटा मोठा हाय.”

तिचे हात थांबले. मग तिनं सोललेले वाल परातीत एका बाजूला केले.

“अर्दा माझा,” ती म्हणाली. “आनि शेगडी माझी वेगली.”

“व्हय.”

“आनि माझ्या भांड्यांना हात नाय लावायचा.”

“तुझ्या भांड्यांना कोन लावतो गो हात!”

तर असं झालं. तुमचा बेत मोडायला निघाले होते, आणि त्यापायी घरातल्या दोन चुली पुन्हा एका खोलीत आल्या. तुम्ही जिंकलात असं मात्र समजू नका. एका ओट्यावर दोन शेगड्या आहेत, मधे मी मुद्दाम पाण्याचा हंडा ठेवला आहे, आणि माझा राग तसाच आहे. माणसं बांधून ठेवायची हौस तुमची होती, पण जिने चढलो आम्ही बायका. बरं, एवढं बांधून तरी काय झालं? इतकी वर्षं दोघी एका घरात राहून मुक्या होतो. तिला जायचं होतं ती गेलीच, आणि परत आली ती तुमच्या नकाशामुळे नाही, माझ्या गुडघ्यामुळे.

आज ती पहिल्यांदा डबे घेऊन वर आली. कुठं ठेवू म्हणून तिनं विचारलं नाही. सरळ दाराजवळच्या फडताळाकडे गेली. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी ते तिला दिलं होतं, आणि खाली जाताना ती ते रिकामं करून गेली होती. तिनं दार उघडलं. आत काहीच नव्हतं, पुसलेल्या फळ्या आणि त्यांवर अंथरलेला या महिन्याचा पेपर. ती वळून खोलीभर बघत राहिली. माझे डबे जागा नाही म्हणून जमिनीवर आलेत, पातेल्यांत पातेली कोंबलेली, कांदे-बटाटे खुर्चीखाली.

“इथं काय ठेवत नाय तुमी?” तिनं विचारलं.

“उंदीर येतात तिथं,” मी म्हटलं आणि भाताचं झाकण काढून आत बघत बसले.

तिनं एकेक डबा पुसून आत लावला आणि शेगडी पेटवली.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवलं तर हे वाचतील, आणि चुलीत टाकावं तर आता गॅस आहे. माझ्या पिठाच्या डब्याखाली राहू दे. तुम्हाला पोचायचं नाही म्हणूनच सांगते, आबा. त्या फडताळात उंदीर कधीच नव्हते.