फोडायचं राहिलेलं इंजेक्शन

अहमदपूर
रविवार, ९ नोव्हेंबर

उज्वलावहिनी,

वैजनाथचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. आजवर पाकिटावर तुमच्या नावाआधी सौ. लिहीत आलो. आज काय लिहावं सुचेना, म्हणून नुसतं नाव आणि नायगावचा पत्ता टाकला आहे. राग मानू नका.

इकडं सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतोच, पण ती शेतात जायची काही थांबत नाही. काळी गाय व्याली, कालवड झाली. रेणूला सांगा, ती आल्यावरच तिचं नाव ठेवू. तुम्ही माहेरी जाऊन दोन महिने झाले आणि मी एकदाही फोन केला नाही. तुमच्या भावाला वाटत असेल, दीर कामात आहे. काम कसलं आलंय. नंबर लावतो आणि रिंग जायच्या आत कापतो. तुम्ही 'भाऊजी, जेवलात का' म्हणाल आणि मग माझ्यानं पुढचं बोलणं होणार नाही. म्हणून लिहून राहिलो. रेणूला जवळ बसवून हे वाचू नका.

येत्या गुरुवारी नांदेडला त्या डॉक्टर मॅडमची चौकशी आहे. बुद्धप्रिया मॅडम, ॲम्ब्युलन्समध्ये होत्या त्या. त्यांनी चुकीचं औषध देऊन दादाला मारलं अशी तक्रार आपण दिली. खाली तुमची सही आहे, आणि साक्ष माझी. ती साक्ष झाली की त्यांची नोकरी जाईल, वर केस उभी राहील. किशनकाका रोज सकाळी येऊन माझ्याकडून जबाब म्हणवून घेतात, एखादा शब्द चुकला तर चिडतात. मला तो तोंडपाठ आहे. तो खोटा आहे, वहिनी.

आधी बारकी गोष्ट सांगतो. दादाच्या पाठीवर जो फवारणीचा पंप होता तो गळत होता. त्याचं वायसर बदलायचं काम माझं होतं. चार दिवस मी आज करतो, उद्या करतो केलं. सकाळभर ते विष त्याच्या पाठीवर झिरपत राहिलं. एवढंच कबूल करून पत्र संपवावं असं दोनदा ठरवलं, आणि दोन्ही कागद फाडले.

दादा तुरीत पडला तेव्हा तुम्ही होतातच. तोंडाला फेस, अंग घामानं चिंब, डोळ्यातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मॅडम उतरल्या आणि पहिल्यांदा त्यांनी दादाचे कपडे कापून काढले, अंगावर पाणी ओतायला लावलं. 'बायामाणसांसमोर उघडं करून राहिली,' म्हणून किशनकाका तिथंच फणफणले होते. गाडीत एकालाच बसता येत होतं. मी बसलो. काका आणि बाकीचे दोन मोटारसायकलींवर मागं. तुम्ही रेणूला घेऊन घरी राहिलात. तिथून पुढचं सगळं तुम्हाला माझ्याच तोंडून कळलं.

मॅडमनी एक डबा उघडला. त्यात करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या होत्या. एकेक मोडायची, सुईत ओढायची, दादाच्या हातातल्या नळीत सोडायची. ॲट्रोपिन म्हणतात त्याला. पाच मिनिटं झाली की छातीला कान लावायच्या, पुन्हा पाच-सहा बाटल्या मोडायच्या. म्हणाल्या, "ह्यांच्या छातीत पाणी भरून राहिलंय, त्यातच बुडतील. ह्या औषधानं छाती कोरडी होते. ती कोरडी ठेवत नांदेड गाठायचं."

मग त्यांनी माझा खांदा धरला. "भाऊ, आता नीट ऐका. थोड्या वेळानं हे बरळतील. लाथा मारतील, शिव्या देतील, तोंड लाल होईल, डोळे मोठे होतील. भ्यायचं नाही. औषध लागू पडलं की असं होतं. मी मात्रा कमी करीन, पण बंद करता येत नाही. मागच्या लोकांना पण फोन करून सांगा."

मी "हाव" म्हणालो. फोन केला नाही.

पोलिसांना मी सांगितलं, मॅडमनी आम्हाला काहीएक सांगितलं नव्हतं.

माळाकोळी मागं पडली आणि दादाच्या छातीतली घरघर थांबली. ती थांबलेली मी माझ्या कानानं ऐकली. मग तो उठला. तोंड लालबुंद, डोळे फाटलेले, हवेत काहीतरी वेचायला लागला. मॅडमच्या पोटात त्यानं अशी लाथ घातली की त्या दाराला जाऊन आपटल्या. त्यांनी उठून त्याचे पाय पट्ट्यानं बांधले. तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. "वैज्या, मारून राहिले रे मला. सोडव."

वहिनी, बापाच्या पट्ट्यातून मला त्यानं सोडवलं. मास्तरच्या छडीतून, पुढं दारूतूनही त्यानंच सोडवलं. त्यानं माझ्याकडं जन्मात काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच. माझा राग तुम्हाला ठाऊक आहे, भाजीत मीठ नाही म्हणून ताट भिरकावणारा मी. डोक्यात राख घालून घेतली. ड्रायव्हरच्या पाठीमागं जी बारकी खिडकी असते तिच्यातून हात घालून महेबूबभाईचा गळा धरला. गाडी वाकडीतिकडी होत रस्त्याखाली उतरली.

मागचे आले, दार उघडलं. त्यांना दिसला तो बांधलेला, ओरडणारा दादा. किशनकाकांनी मॅडमच्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचलं आणि तोंडातून जे काढलं ते मी कागदावर आणत नाही. त्या घडीला माझ्या एका वाक्यानं सगळं थांबलं असतं. मी म्हणालो, "हिनं पागल केलं दादाला."

मागून आलेल्यांनी महेबूबभाईला केसाला धरून खाली ओढलं. गाडीतलाच चाकाचा पाना त्याच्या कानशिलावर घातला, दोनदा. तो पडल्यावर लाथा चालूच होत्या. दगडांनी काचा फोडल्या. मॅडम काही दादाला सोडेनात. एक हात सलाईनवर, दुसऱ्या मुठीत इंजेक्शनची बाटली. ओठ फुटलेला. म्हणाल्या, "मला नंतर मारा. आधी एवढं घालू द्या."

मी त्यांच्या तोंडावर मारलं. मूठ उघडेना म्हणून बोटं उलटी पिळली. दोन मोडली. मोडताना आवाज आला, तो अजून कानात आहे. बाटली मी घेतली आणि त्यांना ढकलून खाली पाडलं.

दादाच्या हातातली सुई कशी निघाली, असं पोलिसांनी विचारलं. झटापटीत निघाली म्हणालो. सुई मी काढली. चिकटपट्टीसकट उपटली. रक्त आलं ते माझ्या रुमालानं पुसलं, आणि त्याला म्हणालो, "सोडवलं बघ, दादा."

पाऊण तास आम्ही रस्त्यावर होतो. दादा हळूहळू निवांत झाला. काका म्हणाले, बघा, औषध बंद केलं तर शांत पडला. मॅडम रस्त्यावर पडल्या होत्या, तिथून म्हणत होत्या, "छाती ऐका, परत भरून राहिली." कुणी ऐकली नाही. घरघर मला ऐकू येत होती. दुसरी गाडी आली, पण लोह्याच्या अलीकडंच दादा गेला.

अजून एक सांगायचं आहे, आणि हे मला सगळ्यात जड जातंय. त्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात दादाच्या कागदांसाठी थांबलो होतो. तिथं मुखेडकडचा एक माणूस कॉटला बांधलेला, तसाच लाल, तसाच हवेत वेचणारा, शिव्या देणारा. फवारणीचाच. त्याची बायको शेजारी बसून चहा पिऊन राहिली होती. मी विचारलं, बाई, तुम्हाला भ्याव वाटत नाही का? ती म्हणाली, "काल तर हालत बी नव्हते. आज शिव्या देऊन राहिले, म्हंजी गुण आला म्हणे." तो माणूस जिवंत घरी गेला असेल.

हे सगळं पाहून, समजून, त्याच दिवशी मी जबाब दिला. चौथ्या दिवशी तक्रारीचा कागद तुमच्यापुढं धरला. तुम्ही विचारलंत, "भाऊजी, हे खरं ना?" मी मान हलवली. तुम्ही न वाचता सही केलीत, कारण कागद मी आणला होता.

मागच्या आठवड्यात महेबूबभाईच्या घरी गेलो. उजव्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही. हाजराबी, त्याची बायको, दारातून हटेना. तोच आतून म्हणाला, "येऊ दे त्याला." मी पाय धरायला वाकलो तर पाय मागं घेतले. "माफी घेऊन मी काय करू? मॅडमचं नाव साफ कर." चहा नाही विचारला. बरं केलं.

तर गुरुवारी मी खरं सांगणार आहे. काका मला गावात राहू देणार नाहीत, आणि पोलीस घेऊन जातील ते वेगळंच. जावं लागेल. तिथं चार लोकांसमोर तुमच्या कानावर पडण्याआधी माझ्याकडून तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. आईला अजून सांगितलं नाही. तेवढी हिंमत बुधवारपर्यंत गोळा करतो. मी नसलो तर तिला तुमच्याकडं ठेवा असं म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणतो.

मॅडमच्या मुठीतून घेतलेली ती बाटली माझ्याकडंच आहे. एवढ्या दंग्यात ती फुटली नाही. दोन महिने धान्याच्या कोठीमागं, दादाच्या टोपीत गुंडाळून ठेवली आहे. रोज काढून उजेडात धरतो. औषध तसंच आहे, काठोकाठ. गुरुवारी ती साहेबांच्या टेबलावर ठेवणार. दादाला मिळायची होती ती.

रेणूच्या डोक्यावरून हात फिरवा. माझा म्हणून नको, तुमचाच.

ज्याला तुम्ही आजवर भाऊजी म्हणत होतात तो,
वैजनाथ