बाहीवरची लेस

ईडन प्रेरी, ८ सप्टेंबर २०२४

ती. प्रतिमावन्संना,
शि. सा. न. वि. वि.

मुद्दाम पत्र लिहितेय. आयपॅड आम्हा दोघांत एकच आहे, आणि हे तुमच्या भावाच्या नजरेला पडायला नको.

रिटायर झाल्यापासून प्रसाद इतिहासाच्या कार्यक्रमांत जुन्या ब्रिटिश पलटणीचा ड्रमवाला होतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. शिपाई लाल कोटात, ड्रमवाले पिवळ्यात. बाह्यांवर मनगटापासून खांद्यापर्यंत एकाखाली एक व्हीच्या आकारात नक्षीदार लेस. ती सगळी मार्चमध्ये मी हातानं शिवली. परवा कोट इस्त्रीला घेतला, तर उजव्या बाहीची लेस कुणीतरी उसवून पुन्हा लावलेली. मी दोऱ्याला कधी गाठ मारत नाही, आईची शिस्त. आत बघते तर गाठीच गाठी. विचारलं, तर म्हणे तशीच होती.

शिवाय दर मंगळवारी दार लावून हळू आवाजात फोन चालतो. ग्रुपमध्ये एक बासरीवाली आहे, सगळ्यांचे कोट तीच दुरुस्त करते म्हणे. मी काय दूधखुळी आहे? भावाची बाजू न घेता खरं काय ते कळवा.

स्पष्ट लिहिलं, राग नसावा.
मंजुषा


सांता क्लारा, १६ सप्टेंबर

चि. सौ. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

त्या बासरीवालीला सोड. मंगळवारचा फोन मला असतो. बाही कॅमेऱ्यासमोर धरून प्रसाद माझ्याकडून टाके शिकतो. गाठ मारू नकोस म्हणून सांगून दमले.

मे महिन्यात त्यांच्या कॅप्टननं लेस वाकडी म्हणून कोट परत पाठवला. तुला कळू नये म्हणून हा स्वतःच सुई घेऊन बसला. मला म्हणाला, "ताई, तिचा हात थरथरतो. तिच्या लक्षात आलेलं नाही, आणि सांगायची माझी हिंमत होत नाही."

मीही गप्पच राहणार होते. पण तू भलतंच मनात घेतलंस. जपून राहा, माया आहेच.
प्रतिमा


ईडन प्रेरी, २२ सप्टेंबर

ती. वन्संना,
शि. सा. न.

लाज वाटली हो. डावी बाही अजून माझीच आहे, ती खिडकीशी नेऊन पाहिली. सरळ शिवलीय अशी शप्पथ घेतली असती मी. पण एका व्हीचं टोक दुसऱ्याखाली येत नाही. डॉक्टरांची गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. फार भीती वाटतेय.

काल म्हटलं, निदान उसवू तरी. कात्रीचं टोक टाक्यात जाईना. शेवटी कोट प्रसादच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "माझ्यानं होत नाही. तू उसव."

लोभ आहेच, तो आता थोडा वाढवा.
मंजुषा