मागच्या सीटवरची उशी

३ जून
आजपासून फॅमिली थेरपी. बायकोचा हट्ट. कन्या माझ्याशी बोलत नाही आणि मावशीकडे राहायला जाणार म्हणते. बॅग भरून हॉलमध्ये ठेवलीय. येता-जाता पायात येते. माझ्या मते हा सगळा वयाचा परिणाम.

समुपदेशक बाई म्हणाल्या, घरात नेहमी सांगितली जाणारी एखादी गोष्ट सांगा. म्हटलं, इथे तर आपली मास्टरी! पेट्रोल पंपाची सांगितली. कन्या सात वर्षांची. दोघंच निघालेलो. पंपावर थांबलो. ती मागे झोपलीय समजून सुसाट निघालो. बऱ्याच वेळाने वळून बघतो तर सीटवर नुसती उशी! परत आलो तर ही भोकाड पसरून बसलेली. तिच्या रडण्याची मी हुबेहूब नक्कल करतो. पाहुणे हसून हसून बेजार होतात.

बाई हसल्या नाहीत. नवीन असाव्यात.

१० जून
दुसरी बैठक. पुढच्या वेळी तीच गोष्ट मी कन्येच्या खुर्चीत बसून, कन्या होऊन सांगायची. सांगणारा बदलला की गोष्ट बदलते, कधीकधी घरही बदलतं, असं बाईंचं म्हणणं. कन्या भिंतीकडे बघत म्हणाली, बाबाला हे जमलं तर मी बॅग रिकामी करते.

माझा पाय सारखा कार्पेट दाबत होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, बाजूलाही ब्रेक असतो, त्याची सवय. बायकोने चिमटा काढला.

संकल्प: रोज सराव.

१३ जून
सराव झाला नाही. आठवडाभर क्लास फुल्ल. निघण्याआधी आरशात बघा, हे सांगून सांगून घसा बसला. आज मात्र स्टिअरिंगवरच्या काकूंना गोष्ट ऐकवली. रडण्याच्या जागी त्या इतक्या हसल्या की गाडी दुभाजकावर चढली. म्हणजे तयारी उत्तम आहे.

१७ जून
कन्येच्या खुर्चीत बसलो. बारीक आवाज लावला. मी खाली उतरले, बाबांची गाडी निघून गेली. बाई म्हणाल्या, मग? मला पुढचं येईना. मला माहीत आहे ते सगळं गाडीतलं. वेळ मारून न्यायला रडायला लागलो.

तेवढ्यात कन्या उठली. म्हणाली, मी रडलेच नव्हते. पंपावरच्या काकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, आम्ही लपाछपी खेळतोय, बाबावर राज्य आहे, तो शोधत येईल. तू आलास तो हसतच. मग मीही हसले. तुला वाईट वाटू नये म्हणून.

बाईंनी विचारलं, तुम्हाला आत्ता काय वाटतंय? मी म्हटलं, लपाछपीचा भाग झकास आहे, पुढच्या वेळेपासून घालू.

कन्या परत भिंतीकडे वळली. मी पाय दाबत राहिलो. छातीत धडधडत होतं. चहा कमी करायला हवा.

२१ जून
बॅग रिकामी झाली नाही. उलट त्यात छत्रीही गेली. ठीक आहे. उद्या मीच तिला मावशीकडे सोडणार आहे. बायको नको म्हणाली, मी ठाम राहिलो. लांबचा रस्ता, बाप-लेक दोघंच. अर्ध्या वाटेतच मन वळवतो. सुधारित गोष्ट तयार आहे: त्यात मीही शूर, तीही शूर.

२२ जून, दुपार
गाडीत बसूनच लिहितोय.

ती मागे बसली. सुधारित गोष्ट सुरू केली, तिने कानात इअरफोन घातले. मग तिनेच पंपावर थांबायला सांगितलं. तोच पंप. टॉयलेटला जाऊन येते म्हणाली आणि बॅग घेऊन गेली. बॅग कशाला, असं मनात आलं, पण मुलींचं काय काय सामान असतं, म्हणून विचारलं नाही. तेवढ्या वेळात मी तिन्ही आरसे पुसून घेतले.

बऱ्याच वेळाने मावशीचा फोन आला. लेक माझ्या गाडीत आहे, आम्ही मागच्या गेटने निघालोसुद्धा, काळजी करू नका, तुम्ही परत जा. मागून कन्येचा आवाज येईल म्हणून कान लावून ऐकलं. आला नाही.

आरशात बघितलं. मागच्या सीटवर उशी आहे.

पंपावरच्या माणसाने आत्ता काचेवर टकटक केली. गाडी बाजूला घ्या, कोणाची वाट बघताय? म्हटलं, मुलीची. आम्ही लपाछपी खेळतोय. राज्य माझ्यावर आहे.